सक्तीची राष्ट्रसेवा: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तरुणांना एक-दोन वर्षं राष्ट्रसेवा सक्तीची करावी का, हा विषय टीव्हीवर आला की दुसऱ्या दिवसापासून फोन आणि मेसेज सुरू होतात, भरतीची तयारी करणारी पोरं विचारतात, त्यांच्या आया विचारतात, रिटायर्ड फौजी काका तर तासभर बोलतात. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवलेत. माझं मत जिथं आहे तिथं ते माझं म्हणूनच लिहिलंय.

1. आधी हे सांगा, भारतात आर्मी कंपल्सरी झाली काय? गावच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय.

नाही. भारतात सक्तीची लष्करी भरती नाही आणि स्वातंत्र्यानंतर कधीच नव्हती. आर्मी, नेव्ही, एअरफोर्स तिन्ही पूर्णपणे स्वेच्छेवर चालतात. तसा मेसेज आला तर त्यात कायद्याचं नाव आणि राजपत्राची तारीख आहे का ते बघा, नसेल तर पुढं पाठवू नका, कारण मागच्या वेळी असल्याच मेसेजमुळं खानापूरकडच्या एका आईनं रडत फोन केला होता, तिचा पोरगा बारावीला होता.

2. मग सक्तीची राष्ट्रसेवा म्हणजे नक्की काय? फक्त बंदूकच काय?

फक्त बंदूक नाही. जगात याचे साधारण तीन प्रकार दिसतात. एक म्हणजे सरळ सैन्यात ठराविक महिने. दुसरा, सैन्य किंवा त्याऐवजी दवाखाना, वृद्धाश्रम, आपत्ती मदत असली नागरी सेवा. तिसरा फक्त नागरी, म्हणजे शिक्षण झालं की एक वर्ष सरकार सांगेल तिथं काम. आपल्याकडं चर्चेत हे तिन्ही एकत्र कालवले जातात आणि मग भांडणं होतात, एक माणूस सियाचिनबद्दल बोलत असतो आणि दुसरा गावातल्या शाळेत शिकवण्याबद्दल. कुणी "सक्ती पाहिजे" म्हटलं की आधी विचारा, कसली, किती दिवसांची, आणि पगार किती.

3. अग्निवीर म्हणजे मागच्या दारानं सक्तीच नव्हे काय?

नव्हे. सैन्यभरतीची अग्निपथ योजना 14 जून 2022 ला जाहीर झाली, त्यातून लागतो तो अग्निवीर, त्यात अर्ज तुम्ही स्वतः करता, वय सुरुवातीला साडेसतरा ते 21 ठेवलं (पहिल्या वर्षी तेवढी 23 पर्यंत सवलत होती), सेवा चार वर्षं. पहिल्या वर्षी महिना 30 हजार, शेवटच्या वर्षी 40 हजार, त्यातले 30 टक्के सेवानिधीत कापले जातात आणि तेवढेच सरकार घालतं, चार वर्षांनी व्याज धरून साधारण 11 लाख 71 हजार हातात येतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. बॅचमधले 25 टक्क्यांपर्यंत पुढं कायम होतात.

लोकांना ती सक्तीसारखी का वाटते तेही कळतं. आधी सोल्जर जीडी (जनरल ड्युटी, म्हणजे साधा जवान) म्हणून लागलेल्या पोराला पंधरा वर्षांची नोकरी आणि पेन्शन दिसायची, आता जवान म्हणून आत जायला तेवढी एकच वाट उरली. पण पर्याय कमी होणं वेगळं आणि नाही म्हटल्यावर शिक्षा होणं वेगळं. 2022 च्या शेवटी आणि 2023 च्या सुरुवातीला ट्रेनिंगला गेलेल्या पहिल्या बॅचची चार वर्षं 2026-27 मध्ये भरतात, तेव्हा घरी परत येणाऱ्या पोरांचं काय, हा प्रश्न आपल्या भागाला सक्तीच्या चर्चेपेक्षा जास्त जवळचा आहे.

4. सरकारनं ठरवलं तर संविधानात सक्ती बसते काय? वेठबिगारी बंद आहे ना?

बसू शकते. कलम 23 नं वेठबिगारी आणि सक्तीची मजुरी बंद केली, पण त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात लिहिलंय की सार्वजनिक कामासाठी राज्य सक्तीची सेवा लादू शकतं, फक्त ती लादताना निव्वळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यावरून भेदभाव करता येणार नाही. या यादीत भाषा हा शब्द नाही. लिंगही नाही. आपल्या सीमाभागातल्या माणसानं ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढं प्रश्न 10 मध्ये त्याचंच सविस्तर आहे.

दुसरं कलम 51क, मूलभूत कर्तव्यांचं, 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीनं आलेलं. त्यात "देशाचं रक्षण करणं आणि आवाहन केलं जाईल तेव्हा राष्ट्रसेवा बजावणं" हे कर्तव्य सांगितलंय. पण कर्तव्य लिहिलं म्हणून उद्या कुणी घरी येऊन पोराला नेऊ शकत नाही, त्यासाठी संसदेनं वेगळा कायदा करावा लागतो आणि तो कोर्टात टिकावा लागतो.

5. आमचे आजोबा म्हणतात त्यांना कॉलेजात एनसीसी सक्तीची होती. खरं काय?

खरं आहे. 1962 च्या चीन युद्धानंतर 1963 मध्ये कॉलेजच्या पोरांना एनसीसी सक्तीची केली, आणि 1968 मध्ये परत ऐच्छिक केली. पाच वर्षांत देशाला कळलं की लाखो पोरांना गणवेश, रायफली, इन्स्ट्रक्टर, मैदान पुरवणं झेपत नाही, आणि मनात नसलेला पोरगा परेडला उभा राहून काही शिकत नाही. त्यानंतर 1969 मध्ये एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) सुरू झालं. आजोबांना विचारा, त्यांच्या वेळी किती जण हजेरीपुरते यायचे. माझ्या ओळखीतल्या दोन-तीन जुन्या माणसांनी हेच सांगितलं आणि त्यातलेच एक काका म्हणाले की मला मात्र त्या परेडनंच सैन्यात नेलं. दोन्ही खरं आहे.

2018 मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनं असंही सुचवलं होतं की ज्यांना सरळ राजपत्रित सरकारी नोकरी पाहिजे त्यांना आधी पाच वर्षं लष्करी सेवा सक्तीची करावी, म्हणजे हा विषय नवा नाही.

6. इस्रायल, कोरिया, सिंगापूर करतात. मग आपणच का मागं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. सिंगापूरनं 1967 मध्ये सुरू केलं, पोरांना दोन वर्षं. दक्षिण कोरियात आर्मीत 18 महिने, फक्त पुरुषांना. इस्रायलमध्ये मुलींनाही जावं लागतं. पण हे देश केवढे ते बघा, आणि माणसं कमी आहेत म्हणून ते सक्ती करतात.

आपल्याकडं दरवर्षी दोन कोटींहून जास्त पोरं-पोरी 18 वर्षांच्या होतात. तिन्ही सैन्यदलं मिळून 14 लाखांच्या आसपास. म्हणजे एका वर्षाची पोरंच आख्ख्या सैन्याच्या चौदापट भरतात. त्यांना महिना फक्त 10 हजार दिले तरी वर्षाला 2 लाख 40 हजार कोटी होतात, 2025-26 चं आख्खं संरक्षण बजेट 6 लाख 81 हजार कोटी होतं. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नुसत्या खिशातल्या पैशाला, अजून जेवण, बराकी, बूट, शिकवणारा माणूस यातलं काहीच धरलेलं नाही.

तिकडंही सगळं सुरळीत नाही. इस्रायलमध्ये धर्मशिक्षण घेणाऱ्या कट्टर ज्यू तरुणांना सूट होती त्यावर वर्षानुवर्षं भांडण, शेवटी जून 2024 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं त्यांनाही भरती करा म्हणून सांगितलं. जर्मनीनं 2011 मध्ये सक्ती थांबवली. स्वीडननं 2010 मध्ये बंद करून 2017 मध्ये परत आणली, पण सगळ्यांना उचलत नाहीत, तपासून लागतील तेवढेच घेतात.

7. आपल्या भागातली पोरं स्वतःहूनच जातात की. मग सक्ती कशाला?

माझं मूळ म्हणणं हेच आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, या रेजिमेंटचा इतिहास 1768 पर्यंत मागं जातो. सांबऱ्याला एअरफोर्सचं ट्रेनिंग स्कूल आहे, राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आहे, कमांडो ट्रेनिंग आहे. कॅम्प भागात पहाटे गेलात तर धावणाऱ्या तुकड्यांचे आवाज ऐकू येतात. खानापूर, बेळगाव तालुका, निपाणी, चिकोडी, कुठल्याही गावात जा, एका गल्लीत दोन तरी घरांवर फौजीचं नाव असतंय. माझे वडील मराठा पलटणीत होते, त्यांची ट्रंक अजून माळ्यावर आहे, वरचा नंबर पुसट झालाय पण आई दर दसऱ्याला ती पुसून तिला हळदकुंकू लावते.

अशा भागात पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर 1.6 किलोमीटरचा टायमिंग लावणारी पोरं आहेत. बाप उसाच्या फडात, नाहीतर उद्यमबागच्या फाउंड्रीत, आणि पोरगा भरती अकॅडमीची फी भरायला सुट्टीत गोव्याला जाऊन हॉटेलात काम करून येतोय. भरतीला पाच-पाच वेळा जाऊन, कधी छाती कमी, कधी कानाचं मेडिकल, कधी मेरिटला दोन मार्क कमी म्हणून परत आलेली पोरं मी बघितलीत. त्यांच्यासमोर "तरुणांमध्ये देशासाठी काही करायची इच्छाच नाही, सक्ती करा" असं कुणी बोललं की मला त्रास होतो. इथं इच्छा भरपूर आहे, जागा कमी आहेत. ज्याला जायचंय त्याला घ्यायला जागा नाही आणि ज्याला जायचं नाही त्याला ओढायला कायदा पाहिजे, हे मला पटत नाही.

8. पण शिस्त लागते, मोबाइल सुटतो, व्यसनं सुटतात. आई-बाप म्हणून आम्हाला सक्ती पाहिजे.

तुमची काळजी खरी आहे, ती मी हलक्यात घेत नाही. फौजेतून आलेल्या माणसाची शिस्त दिसते, झोपायची वेळ, कपड्यांची घडी, बोलणं. पण ती शिस्त त्यानं निवडलेल्या कामातून आलेली असते आणि वर्षानुवर्षांची असते. हातातला मोबाइल सुटावा म्हणून पोराला पलटणीत पाठवलं तर त्याच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या जवानाचा पण विचार करा, त्याचा जीव या पोरावर अवलंबून असणार आहे. जुने सुभेदार काका लोक हेच पहिल्यांदा बोलतात, "मनात नसलेला माणूस मला शेजारी नको." त्यापेक्षा गावात तालीम, ग्राउंड आणि कॉलेजात एनसीसीची जागा वाढवून मागा (प्रश्न 15 बघा).

9. सक्ती झालीच तर पोरींना पण जावं लागणार काय? आणि घरात एकटाच कमावता असेल तर?

दोन्ही गोष्टी कायद्यात कशा लिहितात त्यावर आहे. नॉर्वेनं 2015 पासून आणि स्वीडननं 2017 पासून मुलामुलींना सारखाच नियम लावला, डेन्मार्कनं 2025 मध्ये. कोरियात फक्त पुरुष. आपल्या कलम 23 च्या यादीत लिंग नसल्यानं फक्त पोरांवर सक्ती लादली तरी त्या कलमात अडणार नाही, पण समानतेचं कलम 14 आणि 15 घेऊन कुणीतरी कोर्टात जाणारच. सांबऱ्याला अग्निवीरवायू पोरींनीही ट्रेनिंग घेतलंय, त्यामुळं पोरींना जमत नाही हा मुद्दा तरी आता कुणी काढू नये.

कमावत्याचं म्हणाल तर बऱ्याच देशांत घरच्या परिस्थितीवरून सूट असते, पण सूट आली की पळवाट येते. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धावेळी कॉलेजात असणाऱ्याला भरती पुढं ढकलून मिळायची, त्यामुळं ज्यांना शिकायला परवडत नव्हतं ती पोरं जास्त गेली. तुर्कस्तानात तर पैसे भरून सेवा कमी करून घेता येते. म्हणून शेतमजुराच्या पोरानं हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा: सूट कुणाला मिळणार, आणि ती मिळवायला कागद किती लागणार? तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या निपाणीच्या आईला तहसीलदार कचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढायला किती खेपा होतात ते मला माहीत आहे.

10. भाषेचं काय? आमची पोरं मराठी शाळेत शिकलेली. सेवा कन्नडमध्ये करा म्हटलं तर?

केंद्राची लष्करी सेवा असेल तर भाषेची अडचण तुलनेनं कमी, पलटणीत हिंदी चालतं आणि अग्निवीरची लेखी परीक्षा आता 13 भाषांत देता येते, त्यात मराठी पण आहे आणि कन्नड पण. मराठी माध्यमाच्या पोरांना हे अजून माहीत नसतं, फॉर्म भरताना भाषेचा पर्याय नीट निवडा.

खरी अडचण नागरी सेवेत येणार. समजा उद्या कायदा आला की पदवीनंतर एक वर्ष शाळेत, तलाठी कचेरीत, दवाखान्यात काम करा, आणि ती सेवा राज्य सरकार राबवणार. तर कर्नाटकात कामकाज कन्नडमध्येच. इथल्या माणसाला सात-बाराचा उतारासुद्धा कन्नडमध्ये मिळतो, बसवरची पाटी कन्नड, मराठी कागदांसाठी लोक कितीतरी वर्षं अर्ज करतायत. अशात मराठी माध्यमातल्या पोरीला कन्नड लिहिता येत नाही म्हणून "सेवा समाधानकारक नाही" असा शेरा मिळाला आणि पुढं त्या शेऱ्यावर नोकरी अडली तर दाद कुठं मागायची? कलम 23 मध्ये भाषा नाही हे प्रश्न 4 मध्ये सांगितलंच. कलम 29 आणि 350ख भाषिक अल्पसंख्याकांसाठी आहेत, पण शेरा बसल्यावर कोर्टात जाणं वेगळं आणि कायद्यातच आधी लिहून घेणं वेगळं.

नायजेरियाचं उदाहरण बघा. यादवी युद्धानंतर 1973 मध्ये त्यांनी पदवीधरांना एक वर्ष सेवा सक्तीची केली, आणि मुद्दाम दुसऱ्या राज्यात पाठवायचं ठरवलं, म्हणजे वेगवेगळ्या भाषेची माणसं एकमेकांत मिसळतील. हेतू चांगला होता आणि काही जणांची आयुष्यभराची मैत्री झाली, लग्नं झाली. पण अशांत राज्यात पाठवलेली काही पोरं हिंसाचारात मारली गेली, 2011 च्या निवडणुकीवेळी तर ड्युटीवरची पोरं-पोरी जिवानिशी गेली. माझं मत विचाराल तर कन्नड शिकावं, जरूर शिकावं, माझ्या पोरांना येतं. पण ते शेजारधर्मानं शिकणं आणि शिक्षेच्या भीतीनं शिकणं यात फरक आहे.

11. आमचा सीमावाद कोर्टात आहे. मग आम्ही सेवा कुणासाठी करायची, कर्नाटकासाठी की महाराष्ट्रासाठी?

महाराष्ट्रानं 2004 मध्ये सुप्रीम कोर्टात दावा घातला, तो वाद आपल्या जागी. संरक्षण हा विषय केंद्राच्या यादीत आहे, सैनिक भारताचा असतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात असलेल्या घरांतली पोरंही सीमेवर जाऊन उभी राहिलीत, आणि 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळणाऱ्या गल्लीतच 26 जानेवारीला झेंडावंदनाला गर्दी असते. या दोन गोष्टींत कुणाला विरोध दिसत असेल तर त्यानं इकडं येऊन एक दिवस राहावं.

12. भरतीला आम्ही कोल्हापूरला जाऊ शकतो काय? मराठी आहोत म्हणून?

भाषेवर नाही, रहिवासावर ठरतं. तुमचा डोमिसाइल कर्नाटकातला असेल तर बेळगावच्या भरती कार्यालयाकडं, बिदर-भालकीची पोरंही याच कार्यालयात येतात, कारवारवाल्यांना मंगळूर. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या पोराला कोल्हापूर आणि दहा-पंधरा किलोमीटरवरच्या आपल्या पोराला बेळगाव, असंच आहे. मामाच्या पत्त्यावर खोटा दाखला काढून जाऊ नका, कागद तपासणीत सापडलं की कायमचं बाद होता.

13. डॉक्टरांना तर सक्ती आहेच ना कर्नाटकात?

होय, आणि याचा अभ्यास करण्यासारखा आहे. कर्नाटकानं 2012 च्या कायद्यानं मेडिकलचं शिक्षण झालेल्यांना एक वर्ष सरकारी सेवा सक्तीची केली, एमबीबीएसवाल्यांना ग्रामीण भागात. कल्पना बरोबर होती, खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडच्या बाईला बाळंतपणाला बेळगाव गाठावं लागतं. पण पुढं डॉक्टर जास्त आणि रिकाम्या जागा कमी अशी वेळ आली, म्हणून 2023 मध्ये कायदा बदलून सक्ती गरजेपुरती आणावी लागली. एका राज्यातल्या फक्त डॉक्टरांना सामावताना हे झालं, प्रश्न 6 मधला दोन कोटींचा आकडा याच्या शेजारी ठेवून बघा.

14. ऑगस्ट 2019 च्या पुरात पोरंच धावली. तसली नागरी सेवाच सक्तीची करा की. आणि नको म्हणणाऱ्याचं काय?

त्या पुरात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, वेदगंगा, दूधगंगा सगळ्याच फुगल्या होत्या, निपाणीजवळ हायवे बंद पडला होता, आणि पोरं ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून म्हाताऱ्यांना काढत होती. कुणी ऑर्डर काढली नव्हती.

आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणं पण इथं एक गाठ आहे. सक्तीच्या मजुरीविरुद्धचा 1930 चा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार भारतानं 1954 मध्ये मान्य केला. त्यात निव्वळ लष्करी स्वरूपाच्या सक्तीच्या सेवेला सूट आहे, पूर, भूकंप अशा आणीबाणीलाही सूट आहे. पण वर्षभर रस्ते बांधायला, कचेरीत फायली लावायला सक्तीनं पोरं लावली तर ती सूट सहजासहजी लागू होत नाही. म्हणजे लोकांना जी "सौम्य" वाटते ती नागरी सक्तीच कायद्यात जास्त अवघड आहे.

नको म्हणणाऱ्याचं उदाहरण कोरियाचं. तिथं धर्मामुळं शस्त्र न धरणारी हजारो पोरं जेलमध्ये गेली, 2018 मध्ये त्यांच्या घटना न्यायालयानं पर्यायी सेवा द्या म्हणून सांगितलं, 2020 पासून ती मिळते, पण 36 महिने, तीही तुरुंगातच राहून काम करायचं.

15. सक्ती नको म्हणता, मग माझ्या पोराला आजच सेवा करायची असेल तर कुठं जाऊ?

वय आणि शिक्षणावर आहे. शाळा-कॉलेजात असेल तर एनसीसी, सी सर्टिफिकेट असलं की अग्निवीरला बोनस मार्क मिळतात. एनसीसीत जागा नसेल तर एनएसएस, दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं कॅम्प. नोकरी-धंदा सांभाळून वर्दी घालायची असेल तर टेरिटोरियल आर्मी, वय 18 ते 42, कोल्हापूरला तिची मराठा बटालियन आहे. गावातच राहायचं असेल तर होमगार्ड.

आणि भरतीला चाललेल्या पोराच्या घरच्यांना एक सांगणं, जायच्या आधी आधार कार्ड, दहावीचं मार्कलिस्ट आणि जातीच्या दाखल्यावरचं नाव एकसारखं आहे का बघा. मराठीतून कन्नडमध्ये आणि कन्नडमधून इंग्रजीत जाताना आपल्या पोरांच्या आडनावाची स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारची झालेली असते, ग्राउंड मारलेला (मैदानी चाचणीत पास झालेला) पोरगा तिथं अडकतो. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून भरती रॅलीची तारीख यायच्या आधीच करून घ्या.